आल्फोन्सो दे लिग्वोरी : नाताळच्या गाण्यातून भाषा देणारा माणूस



नवीन भाषा शिकवायची म्हटलं की आपण आधी पुस्तक उघडतो. मुळाक्षरं, शब्दार्थ, मग व्याकरण. पण ज्याच्या घरी पुस्तकच नाही आणि ज्याला अक्षरओळखही नाही, त्याच्यापर्यंत भाषा कशी पोहोचवायची? अठराव्या शतकात नेपल्सच्या एका माणसाने हे काम गाण्यावर सोपवलं. इटालियन शिकणाऱ्याला डिसेंबर महिन्यात आजही हमखास भेटणारं ‘तू शेन्दी दाल्ले स्तेल्ले’ (तू ताऱ्यांवरून खाली येतोस) हे नाताळचं गाणं त्यांचंच. आज आपण आल्फोन्सो मारिया दे लिग्वोरी यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

जन्म आणि बालपण

आल्फोन्सो यांचा जन्म 27 सप्टेंबर 1696 रोजी नेपल्सजवळच्या मारियानेल्ला या गावी एका उमराव घराण्यात झाला. भावंडांत ते थोरले. वडील जुझेप्पे आरमारात अधिकारी होते आणि शिस्तीचे फार कडक. मुलाने मोठा वकील व्हावं असं त्यांना वाटे. त्याचबरोबर त्याला संगीतही यायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे छोटा आल्फोन्सो रोज तीन तास हार्प्सिकॉर्ड या वाद्याचा रियाज करायचा. ही मेहनत पुढे कुठे कामी येणार आहे, हे तेव्हा वडिलांनाही ठाऊक नव्हतं.

वकिली आणि एक हरलेला खटला

1713 मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी त्यांनी कायद्यातली डॉक्टरची पदवी मिळवली. अंगकाठी लहान आणि पदवीचा झगा मोठा, त्यामुळे त्या समारंभात ते झग्यात पार बुडून गेले होते असं सांगतात. पुढे वकिलीत त्यांचं चांगलं नाव झालं. पण 1723 मध्ये एका मोठ्या मालमत्तेच्या खटल्यात कागदपत्रांतला एक मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला आणि खटला हातचा गेला. या धक्क्याने त्यांनी कोर्टाची पायरी कायमची सोडली. वडिलांचा विरोध होता, तरी 1726 मध्ये ते धर्मगुरू झाले.

रस्त्यावरची रात्रशाळा

तेव्हाचं नेपल्स युरोपातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. बंदरावरचे हमाल, फेरीवाले, रस्त्यावर झोपणारे गरीब यांची तिथे मोठी वस्ती होती. आल्फोन्सो त्यांच्यात मिसळू लागले. दिवसभराचं काम आटोपलं की हे लोक संध्याकाळी चौकात जमायचे. नंतर या बैठका घरांत आणि छोट्या प्रार्थनास्थळांत भरू लागल्या. प्रार्थना, गाणी, चार चांगल्या गोष्टी, असा तो कार्यक्रम असे. विशेष म्हणजे या बैठका पुढे सामान्य माणसंच चालवू लागली. त्यांत एक शाळामास्तरही होता!

1730 मध्ये ते विश्रांतीसाठी अमाल्फीच्या वरच्या डोंगरात, स्काला या गावी गेले. तिथे त्यांना शेळ्या राखणारे गुराखी भेटले. या लोकांकडे कोणी शिकवायला फिरकतच नव्हतं. शहरात धर्मगुरू पुष्कळ आणि डोंगरात कोणीच नाही, हे त्यांना खटकलं. 1732 मध्ये त्यांनी स्कालालाच एक संघ स्थापन केला. खेड्यापाड्यांत जाऊन गरिबांना शिकवणं हे त्याचं काम. आज हा संघ रिडेम्प्टरिस्ट या नावाने जगभर आहे.

गाणं हेच पुस्तक

आता प्रश्न होता भाषेचा. इटली तेव्हा एक देश नव्हता. नेपल्सचं राज्य वेगळं होतं आणि घराघरांत नेपोलितान बोलली जायची. इटालियन ही पुस्तकांची आणि शिकलेल्यांची भाषा. प्रवचन अगदी अडाणी माणसालाही कळलं पाहिजे, यावर आल्फोन्सो यांचा कटाक्ष असे. अवघड शब्दांनी सजवलेलं भाषण त्यांना मुळीच चालत नसे. म्हणून त्यांनी सोपी गाणी लिहिली आणि गावोगावी लोकांकडून म्हणून घेतली.

नाताळची त्यांची दोन गाणी प्रसिद्ध आहेत. ‘क्वान्नो नाशेत्ते निन्नो’ (बाळ जन्मलं तेव्हा) हे नेपोलितानमध्ये आहे, तर ‘तू शेन्दी दाल्ले स्तेल्ले’ इटालियनमध्ये. दोन्हींची चाल एकमेकींच्या जवळची, पाळण्यासारखी डुलणारी. आपण म्हणतो ना, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’! घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांच्यामध्ये सुरांचा पूलच झाला.

ही चाल पुढे डोंगरातल्या मेंढपाळांनी उचलली. नाताळच्या आधी ते कातडी पिशवीचं ‘झाम्पोन्या’ हे वाद्य वाजवत गावोगाव, शहरोशहरी फिरत. 1861 मध्ये इटली एक देश झाला, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. अशा घरांतही दर डिसेंबरला हे गाणं घुमत होतं. म्हणजे वाचता येण्याच्या कितीतरी आधी इटालियन शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

या गाण्यातून काय शिकता येतं?

मराठी मुलांना तर हे गाणं फारच जवळचं वाटेल. पहिलाच शब्द ‘तू’! अर्थही आपलाच. आपण जसं देवाला ‘तू’ म्हणतो, तसंच इथेही. ‘शेन्दो’ म्हणजे मी उतरतो, ‘शेन्दी’ म्हणजे तू उतरतोस, ‘शेन्दे’ म्हणजे तो उतरतो. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, अगदी मराठीसारखा. आपण ‘वरून’ शब्दाच्या मागे लावतो, इटालियन ‘दाल्ले’ पुढे येतं, एवढाच फरक.

गाण्यात ‘चेलो’ (आकाश) आणि ‘जेलो’ (गोठवणारी थंडी) यांचं यमक जुळतं. त्यातून ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांचा ‘इ’ किंवा ‘ए’पुढचा मऊ उच्चार आपोआप पक्का होतो. ‘ग्रोत्ता’ (गुहा) या शब्दात तेच ‘जी’ अक्षर ‘ग’ होतं. ‘स्तेल्ले’, ‘ग्रोत्ता’, ‘फ्रेद्दो’ (थंड) यांतली जोडाक्षरं आपल्या मुलांना सहज जमतात, कारण ‘पट्टा’, ‘गल्ली’ हे शब्द त्यांच्या तोंडात बसलेलेच आहेत. नियम न सांगता एवढं हाती लागतं!

शेवटची वर्षं

1762 मध्ये, इच्छा नसतानाही त्यांना सांतागाता दे गोती इथे बिशप व्हावं लागलं. 1764 च्या भीषण दुष्काळात त्यांनी भुकेल्यांना अन्न देण्यासाठी आपली घोडागाडीसुद्धा विकली. पुढे संधिवाताने मान कायमची खाली वाकली, तरी लेखन थांबलं नाही. त्यांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. 1 ऑगस्ट 1787 रोजी, नव्वदीत, पगानी इथे त्यांचं निधन झालं. 1839 मध्ये चर्चने त्यांना संतपद दिलं.

त्यांचे मोठमोठे ग्रंथ आज अभ्यासकच वाचतात. गाणं मात्र इटलीतली लहान मुलंसुद्धा गातात. आपल्या वर्गात कोणतीही नवी भाषा शिकवताना, मग ती इंग्रजी असो की हिंदी, सणाचं एखादं सोपं गाणं आधी घेऊन पाहावं. आधी चाल, मग चित्रातून अर्थ, मग चार-पाच शब्द आणि सर्वांत शेवटी लेखन. ज्या मुलाच्या घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, ते मूलही गाणं घरी घेऊन जातं. त्यासाठी दप्तर लागत नाही.