पाखरांच्या मागावर : डॉ. सलीम अली

आमच्या चकलांब्याकडे पाखरू म्हटले की भरात आलेली ज्वारी आणि हातातली गोफण आठवते. पाखरे हाकलायची सोडून ती कुठून आली, पुढल्या साली परत येतील का, याचा हिशेब ठेवण्यात कोणी जन्म घालवला असे गावात सांगितले तर लोक हसतील. पण असा एक माणूस होऊन गेला.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले. पोरगा तिथेच गुंतला.

कॉलेज मात्र पहिल्याच वर्षी सुटले. भावाच्या धंद्यासाठी ते ब्रह्मदेशात गेले, १९१७ साली परतले, थोडे प्राणिशास्त्र शिकले. पण पदवी हाती नसल्यामुळे सरकारी खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. ज्यांच्या घरात पदवी हेच नोकरीचे दार समजले जाते, अशा आम्हा मुलांना हे वाचताना जरा अडखळायला होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात १९२६ साली काम मिळाले, पुढे बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे शिक्षण घेतले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो जागाच रद्द झालेली!

मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणीची घरटी दिवसचे दिवस न्याहाळली. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पसंत करते, ती आत स्थिरावली की हा पठ्ठ्या दुसऱ्या घरट्याला लागतो. बेकारीतल्या या कामाने त्यांचे नाव झाले. पुढे संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी आली. १९३१-३२ ची पहिली मोठी पाहणी हैदराबाद संस्थानाची. आपला बीड जिल्हा त्याच संस्थानात होता. कामाचा मोबदला नाही, फक्त खर्च मिळायचा. बरीच वर्षे कोणाला न दिसलेली फिनची सुगरण त्यांना कुमाऊंच्या तराईत पुन्हा सापडली; त्याच भागातला पहाडी लावा मात्र शोधूनही सापडला नाही.

राजस्थानातील भरतपूरला त्यांनी व सोसायटीच्या लोकांनी हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली. त्यांतली काही बदके थेट सोव्हिएत रशियात सापडली. पाखरू हजारो कोस जाते आणि थंडीत परत येते, याचा हा धडधडीत पुरावा होता.

भरतपूरचीच एक गोष्ट मात्र मला सोडवत नाही. हे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून सलीम अली झटले. म्हशींची चराई बंद व्हावी असेही त्यांचे मत होते. १९८२ साली ती बंद झाली, गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबारात माणसे मेली. पुढे काय झाले? चरणारे जनावर नाही म्हणून पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांना उतरायला जागा कमी झाली. हे दाखवून दिले ते त्यांच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी, वर्षानुवर्षे मोजमाप करून. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज इथे चुकला. आमच्याकडच्या एखाद्या गुराख्याला विचारले असते तर कदाचित त्याने सांगितले असते. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे २०० सैबेरियन क्रौंच आले होते. त्यांची संख्या त्याआधीपासून घटतच होती, वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकारही होत असे. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली.

ते पाहायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी पैठणच्या नाथसागराला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले. धरण १९७६ चे, म्हणजे पाणी नवे. तरी रोहित, बदके, करकोचे तिथे उतरू लागले. पाणी ओसरले की काठचे शेतकरी गाळपेर करतात, आणि पाखरांनाही नेमका तोच उथळ चिखल लागतो.