दीनबंधू चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज

खेड्यापाड्यांतून फिरताना उपदेशकमंडळींकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. आपले शेजारी हिंदू आहेत, मुसलमान आहेत. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या सुखदुःखात, गावच्या कामात आपण किती मिसळावे? फार मिसळलो तर आपला विश्वास पातळ होईल, आणि दूर राहिलो तर आपली साक्ष कोणी ऐकणार नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर वादविवादापेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात शोधणे बरे, म्हणून आज अँड्र्यूजसाहेबांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी झाला व बालपण बर्मिंगहॅम येथे गेले. वडील धर्मसेवक होते. चार्ल्स लहान असताना एक संकट ओढवले. आईची जी मालमत्ता एका विश्वासू मित्राच्या स्वाधीन होती ती त्याने सट्ट्यात घालविली, आणि कुटुंब एकाएकी दरिद्री झाले. त्या दिवशी कौटुंबिक उपासनेत वडील काय प्रार्थना करतात इकडे मुलांचे लक्ष होते. वडिलांनी शाप दिला नाही, तक्रार केली नाही. ज्याने घात केला त्या मित्रासाठीच त्यांनी कळवळून देवाची विनवणी केली. हा प्रसंग चार्ल्स जन्मभर विसरले नाहीत. क्षमा म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकातून शिकण्यापूर्वी बापाच्या गुडघ्यांजवळ शिकून घेतले होते.

केंब्रिज येथे शिक्षण पुरे झाल्यावर १८९७ मध्ये त्यांस दीक्षा मिळाली. लंडनच्या गरीब वस्तीत त्यांनी काही काळ सेवा केली, आणि २० मार्च १९०४ रोजी ते दिल्लीच्या मिशनात, सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकविण्यासाठी हिंदुस्थानात आले. त्या तारखेस ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत. कॉलेजात सुशीलकुमार रुद्र नावाचे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ वडील शिक्षक होते. १९०६ मध्ये प्राचार्याची जागा रिकामी झाली तेव्हा हिंदी माणसाच्या हाताखाली इंग्रजांनी काम कसे करावे, अशी शंका काहींच्या मनात होती. अँड्र्यूजसाहेबांनी रुद्रांचा पक्ष आग्रहाने धरला, व रुद्र त्या कॉलेजाचे पहिले हिंदी प्राचार्य झाले. शेजाऱ्याच्या धर्माचा मान राखण्यापूर्वी स्वतःच्या मंडळीतील बंधूचा मान राखावा लागतो, हे त्यांनी प्रथम कृतीने दाखविले.

दिल्लीतच त्यांची वृद्ध मौलवी झकाउल्ला ह्यांच्याशी मैत्री जडली. मौलवीसाहेब गणिताचे मोठे पंडित. उर्दूत त्यांनी गणिताचे व इतिहासाचे पुष्कळ ग्रंथ लिहिले होते. धर्मावर वाद घालणे त्यांस मुळीच आवडत नसे. देवाविषयी प्रेमाने बोलणे मात्र आवडे. अँड्र्यूजसाहेब त्यांच्याकडे जाऊन बसत, आणि जुन्या दिल्लीत हिंदू व मुसलमान एकमेकांच्या सणासुदीत कसे सामील होत ह्याच्या गोष्टी ऐकत. तरुण पाळक शिकविण्यासाठी आला होता, आणि वृद्ध मुसलमानापाशी शिष्यासारखा बसला. १९१० मध्ये मौलवी वारले. पुढे १९२९ मध्ये अँड्र्यूजसाहेबांनी त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. ख्रिस्ती सेवकाने मुसलमान गुरुजनाचे चरित्र कृतज्ञतेने लिहावे, ही गोष्ट त्या काळी विरळाच होती.

हरिद्वारजवळील कांगडी गुरुकुलाचे महात्मा मुन्शीराम, जे पुढे स्वामी श्रद्धानंद झाले, तेही त्यांचे स्नेही बनले. आर्यसमाज आणि मिशने ह्यांच्यात त्या काळी उघड वाद चाले, तरी ही मैत्री टिकली. १९१२ मध्ये लंडनमध्ये कवी रवींद्रनाथ ठाकूर ह्यांची भेट झाली, आणि तीतून आयुष्यभराचे नाते जुळले.

मग दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजुरांवरील जुलमाची वार्ता आली. पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले मदतीसाठी खटपट करीत होते. अँड्र्यूजसाहेबांनी आपली साठविलेली पुंजी त्यांच्या हवाली केली, आणि मित्र विल्यम पिअर्सन ह्यांस घेऊन ते स्वतःही निघाले. जानेवारी १९१४ च्या आरंभी ते दरबान बंदरात उतरले. गांधीजी मजुराच्या साध्या वेषात उभे होते, त्यामुळे त्यांनी ओळखले नाही. कोणी दाखविताच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांस हात लावला. तेथील गोरे लोक ह्यामुळे फार संतापले. त्याच महिन्यात इंग्लंडात त्यांची प्रिय आई वारली, आणि परदेशी त्यांचे सांत्वन करणारे बहुतेक हिंदू व मुसलमान होते.

त्याच वर्षी त्यांनी पाळकपदाचे काम सोडले व शांतिनिकेतनचा रस्ता धरला. येथे खरे ते सांगितले पाहिजे: मंडळीच्या काही मतवचनांविषयी त्यांच्या मनात शंका उभ्या होत्या, आणि ओठांनी एक व मनात दुसरे असे त्यांस चालेना. पुष्कळ सहकाऱ्यांस वाटले, हा मनुष्य हातचा गेला. परंतु ख्रिस्तावरील त्यांची प्रीती गेली नाही. १९३२ मध्ये त्यांनी ख्रिस्ताचे आपल्यावरील ऋण सांगणारे आत्मवृत्त लिहिले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पुन्हा पाळकीय सेवाही केली.

१९१५ मध्ये ते पिअर्सनसह फिजी बेटांत गेले. तेथील उसाच्या मळ्यांत गिरमिटावर नेलेले हजारो हिंदी मजूर होते; शंभर पुरुषांमागे चाळीस बायका, असे भरतीचे प्रमाण ठरलेले, आणि त्यातून कुटुंबजीवनाची राखरांगोळी होई. त्यांनी सर्व पाहून अहवाल लिहिला, १९१७ मध्ये पुन्हा जाऊन आले, आणि अखेर १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील मजुरांचे उरलेले करारही रद्द झाले. मजूर हिंदू की मुसलमान हे त्यांनी विचारले नाही. लोक त्यांस दीनबंधू म्हणू लागले.

आता १९२४ सालची दिल्ली पाहा. कोहाट येथे सप्टेंबरात भयंकर दंगा झाला होता. गांधीजींनी हिंदुमुसलमानांच्या ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला, तोही मौलाना महंमद अली ह्यांच्या घरी. अँड्र्यूजसाहेब धावून आले. शुश्रूषा, भेटीस येणारांची व्यवस्था, गांधीजींच्या पत्राचे संपादन, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. त्याच दिवसांत शहरात ऐक्यपरिषद भरली. तीस निरनिराळ्या धर्मांचे पुढारी आले, कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट हेही आले. प्रत्येकास आपला धर्म मानण्याची व पाळण्याची मोकळीक असावी, कोणाचे प्रार्थनास्थळ भ्रष्ट करू नये, धर्माच्या नावाने जबरदस्ती नसावी, असे तेथे ठरले. ८ ऑक्टोबर रोजी उपवास सुटला. त्या वेळी इमामसाहेबांनी कुराणातील आरंभीची वचने म्हटली, अँड्र्यूजसाहेबांनी प्रभूच्या वधस्तंभाविषयीचे इंग्रजी गीत गाइले, आणि आपल्या त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा भावे ह्यांनी उपनिषदांतील मंत्र म्हटले. कोणी आपले गीत सोडले नाही, आणि कोणी दुसऱ्याच्या गीतात विघ्न आणले नाही.

ह्यामुळे सर्व वैर मिटले काय? मिटले नाही. दंगे पुन्हा झाले, आणि डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांचा दिल्लीत एका मुसलमानाच्या गोळीने अंत झाला. मित्राच्या मरणाने अँड्र्यूजसाहेबांचे अंतःकरण विदीर्ण झाले असेल. पण मुसलमानांवरील प्रीती त्यांनी आवरली नाही. झकाउल्लांचे चरित्र पुस्तकरूपाने निघाले ते ह्या खुनानंतरच. ज्या मुलाने घातक्यासाठी प्रार्थना करणारा बाप पाहिला होता, त्यास दुसरा मार्ग ठाऊक नव्हता.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास त्यांनी देह ठेवला. आजारात गांधीजी त्यांस भेटून गेले होते. तेथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांस पुरले.

बंधुजनहो, त्यांच्या मताच्या प्रत्येक अंगास आपण होकार द्यावा असे मी म्हणत नाही. मलाही तो देता येत नाही. पण आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ह्या आयुष्यात आहे. त्यांचा विश्वास डळमळला तो शेजाऱ्यांच्या सहवासाने नव्हे. उलट त्या डळमळीतही त्याच सहवासात त्यांस ख्रिस्त अधिक जवळ दिसला. तेव्हा गावची विहीर उपसावयाची असेल, पटकीच्या साथीत रोग्याजवळ बसावयाचे असेल, दोन आळ्यांतील तंटा मिटवावयाचा असेल, तर आपल्यांतून कोणी मागे राहू नये. शेजारी आपला धर्म सांगू लागला तर शेवटपर्यंत ऐकावे. मग त्याने विचारले, तर आपलाही निर्भयपणे सांगावा. आणि ज्याने आपले वाईट केले असेल, त्याचे नाव आज संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत मुलांच्या देखत घ्यावे. ती मुले पुढे काय करतील हे देव जाणे.