इमाम गझाली (रह.) : तीनशे विद्यार्थ्यांसमोर थांबलेली वाणी

नमाजीची नियत शुद्ध आहे की तीत दिखावा शिरला आहे, हा प्रश्न आपल्या घरातील वडीलधारी मंडळी आजही विचारतात. नऊशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका आलिमाने स्वतःला विचारला आणि त्याची वाचाच गेली.

इमाम अबू हामिद गझाली (रह.) यांचा जन्म इ. स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. चरित्रकार सांगतात की वडील लोकर कातून उपजीविका करीत. ते लवकर वारले. त्यांनी मागे ठेवलेले पैसे संपले, तेव्हा सांभाळ करणाऱ्या सूफी मित्राने दोघा भावांना मदरशात घातले, कारण तेथे जेवण मिळे. इल्मच्या मार्गावरचे पहिले पाऊल भाकरीसाठी पडले होते!

पुढे निशापूरला इमाम जुवैनी यांचे शिष्यत्व लाभले आणि १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापनाचे मानाचे पद मिळाले. समोर तीनशे विद्यार्थी बसत. उरलेल्या वेळात त्यांनी गुरूवाचून, केवळ वाचनाने तत्त्वज्ञान आत्मसात केले आणि मग ‘तहाफुतुल फलासिफा’त तत्त्वज्ञांच्या दाव्यांचे खंडन केले. मुस्लिमांतील विज्ञान त्यांनी संपवले, असा आरोप होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. ग्रहणाची गणिती कारणमीमांसा धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचीच हानी करतो, हे त्यांनी त्याच ग्रंथात बजावले आहे.

१०९५ मध्ये मात्र ते स्वतःच्या अध्यापनाकडे वळून पाहू लागले. हे अल्लाहसाठी आहे की कीर्तीसाठी? उत्तर त्यांना ठाऊक होते. सहा महिने पाऊल पुढे पडेना, मागेही फिरेना. एके दिवशी जीभ अडखळली, घासही गिळवेना. व्याधी अंतःकरणाची आहे, असे सांगून हकिमांनी हात टेकले. मिंबरावर उभा राहणारा मी हा प्रसंग वाचतो, तेव्हा पुढचे पान लवकर उलटत नाही.

कुटुंबापुरते ठेवून त्यांनी संपत्ती वाटली आणि मक्केला जातो असे सांगून दमिश्क गाठले. तेथील जामा मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवस दिवस एकांतात बसत. बैतुल मक्दिस आणि हजची यात्राही घडली. ‘इह्या उलूमिद्दीन’ हा ग्रंथ याच काळातला.

त्यांच्या ग्रंथांचा प्रवास मोठा आहे. कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांनी ‘तहाफुत’ला ग्रंथानेच उत्तर दिले. टोलेडोत त्यांच्या ‘मकासिद’चे लॅटिन भाषांतर झाले आणि ते वाचून युरोपातील अनेक पंडितांनी त्यांना तत्त्वज्ञांपैकीच एक मानले!

११०६ मध्ये ते काही काळ निशापूरला पुन्हा शिकवू लागले, नंतर तूसला परतले. घराशेजारी त्यांनी एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली. अखेरच्या काळात ते स्वतः हदीस शिकण्यासाठी बसत. बुखारी व मुस्लिम यांचे संग्रह समोर असत. ११११ च्या डिसेंबरात, तूसमध्येच, त्यांचे निधन झाले.