बिनतारी मार्कोनी

नांदेडहून पुण्याची गाडी धरली की दौंड लागतंच. आम्हा हिंगोलीकरांना ते चहाचं स्टेशन. पण १९२७ साली विलायतेचे बिनतारी संदेश दौंडला झेलले जायचे आणि इकडचे खडकीहून सुटायचे. यंत्रणा मार्कोनीची.

गुल्येल्मो मार्कोनी १८७४ साली इटलीत बोलोन्याला जन्मला. पदवी नाही (बॅकलॉगवाल्यांनी खूश होऊ नये!). घराच्या माळ्यावर खटपट करून त्याने बिनतारी तार जमवली, १८९६ ला इंग्लंड गाठलं, १९०१ ला अटलांटिकपार संदेश नेला. १९०९ ला ब्राउनसोबत नोबेल.

मला खटकतं ते वेगळंच. त्याची कंपनी जहाजांवर यंत्रासोबत आपला ऑपरेटरही द्यायची, आणि त्याला हुकूम असा की संकटाची हाक सोडली तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही! भर समुद्रात समोरचा बोलावतोय नि हा गप्प. १९०२ साली जर्मन सम्राटाच्या भावाने अमेरिकेच्या अध्यक्षांना जहाजावरून पाठवलेला संदेशही असाच अडला. जर्मनी भडकली. १९०६ ला बर्लिनमध्ये देश बसले आणि ठरलं, किनाऱ्यावरच्या केंद्रांनी आणि जहाजांनी यंत्र कुणाचं ते न बघता बोलायचं. ३०० आणि ६०० मीटरच्या लहरी सामाईक. आज युरोपातले देश मोबाइल ब्रॉडबँडसाठी ८०० मेगाहर्ट्झसारखे पट्टे एकसारखे ठेवतात, त्याचं मूळ मला या भांडणात दिसतं.

१९१२ ला टायटॅनिकवरचे सातशेजण वाचले, ते त्याच्याच ऑपरेटरांच्या हाकेमुळे. हेही खरंच.

१९३७ ला तो रोममध्ये वारला, तेव्हा ब्रिटनमधली बिनतारी केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.