प्वासीचा लुई

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागांत रीम्स नांवाचें प्राचीन नगर आहे. तेथील धन्य कुमारी मारियेच्या महामंदिरापुढें प्रवासी उभा राहिला म्हणजे दर्शनी भिंतीवर उंच कोरलेली राजांच्या पाषाणमूर्तींची रांग त्याच्या दृष्टीस पडते. ह्याच नगरांत सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं बिशप संत रेमी ह्यानें फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस ह्यास बाप्तिस्मा दिला, आणि त्या पुण्यस्मरणास्तव पुढें फ्रान्सच्या बहुतेक राजांस येथेंच अभिषेक होत गेला. शेवटचा अभिषेक १८२५ सालीं दहाव्या चार्ल्सचा. एवढ्या दीर्घ राजमालिकेंत पवित्र सभेनें संतपदास चढविलेला राजा मात्र एकच, तो नववा लुई. लुईस हें नांव आमच्या लोकांत कांहीं नवें नाहीं. पण पुष्कळांस त्या नांवाचा संत म्हणजे तरुण अलोयसियस गोन्झागाच ठाऊक असतो. म्हणून ह्या राजाची हकीकत येथें देत आहों.

लुईचा जन्म २५ एप्रिल १२१४ रोजीं पॅरिसजवळील प्वासी ह्या गांवीं झाला. १२२६ च्या नोव्हेंबरांत त्याचा बाप आठवा लुई हा स्वारीवरून परततांना वाटेंतच मरण पावला. पोर बारा वर्षांचें. सरदार मंडळी मनांतून राणीवर रुष्ट, कारण ती स्पेन देशची. परंतु राणी ब्लांश ही डगमगणारी बाई नव्हती. तिनें तीन आठवड्यांच्या आंत मुलाला रीम्सला नेलें. वाटेंत स्वासों येथें त्यास शूरवीराची दीक्षा देवविली, आणि २९ नोव्हेंबर रोजीं, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं, त्याला अभिषेक झाला. पूर्वींचें मंदिर १२१० सालीं आगींत जळालें होतें व नवें बांधण्यास आरंभ होऊन पंधराच वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां हा सोहळा अर्धवट बांधलेल्या मंदिरांत झाला. आर्चबिशपाची गादीही त्या वेळीं रिकामी होती. म्हणून स्वासोंच्या बिशपानें तैलाभ्यंग केला. कित्येक मोठे सरदार तर आलेच नाहींत.

पुढें हाच राजा खासगी पत्रांवर आपली सही प्वासीचा लुई अशी करी, असें परंपरेनें सांगतात. रीम्सला त्याच्या मस्तकीं मुकुट आला, पण प्वासीच्या लहानशा देवळांत त्याचा बाप्तिस्मा झाला होता. आणि त्याला ह्या दोहोंत अधिक मोलाचें कोणतें वाटे, हें त्या सहीवरून उघड होतें. आमच्या देवळाच्या दाराशीं जें बाप्तिस्म्याचें कुंड आहे, त्यावरून जातांना मला ह्या राजाची आठवण होते.

१२३४ सालीं त्याचें लग्न सांस येथील महामंदिरांत प्रोव्हान्सच्या मार्गारेट हिच्याशीं झालें. त्यांना अकरा अपत्यें झालीं. १२३९ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानें व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण ठेवलेला प्रभूचा काटेरी मुकुट लुईनें सोडविला, आणि सांस नगरांत तो स्वतः अनवाणी, साध्या वस्त्रांत, भावासह खांद्यावरून वाहून आणला. त्यासाठीं पॅरिसांत बांधलेलें सँत शापेल १२४८ सालीं पवित्र करण्यांत आलें. मुकुटाला लागलेली रक्कम मंदिराच्या खर्चाहून कितीतरी मोठी होती. १५ एप्रिल २०१९ च्या रात्रीं पॅरिसचें महामंदिर जळत असतां लोकांनीं जीव धोक्यांत घालून जो मुकुट बाहेर काढला, तो हाच.

परंतु भक्तीपेक्षांही त्याच्या न्यायबुद्धीची कीर्ति अधिक झाली. १२४७ सालीं त्यानें राज्यभर धर्मबंधूंना पाठविलें, कोणासाठीं? तर राजाच्याच अंमलदारांनीं गरिबांवर केलेल्या जुलमाच्या तक्रारी ऐकण्यासाठीं. व्हँसेनच्या रानांत ओक वृक्षाखालीं बसून तो आल्यागेल्याचें गाऱ्हाणें ऐके. कूसीच्या बलाढ्य सरदारानें आपल्या रानांत शिरलेल्या तीन तरुणांस विनाचौकशी फांसावर दिलें, तेव्हां सर्व सरदार मध्यें पडले असतांही लुईनें त्याला कैदेंत टाकलें व मोठा दंड वसूल केला. पॅरिसांत तीनशें आंधळ्यांसाठीं त्यानें घर बांधलें.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें मला उचित वाटत नाहीं. यहुदी लोकांशीं तो कठोर वागला. त्याच्या कारकीर्दींत पॅरिसांत ताल्मूद ग्रंथाच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यांत आल्या, आणि १२६९ सालीं यहुद्यांनीं वस्त्रावर खूण लावावी अशी त्यानें सक्ति केली. काळाची रीत तशी होती हें खरें. पण ओकाखालीं सर्वांना मिळणारा न्याय ह्या लोकांना मिळाला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

१२४४ सालीं मरणाच्या दारांतून परतल्यावर त्यानें क्रूस घेतला होता. २५ ऑगस्ट १२४८ रोजीं तो एग-मोर्त बंदरांतून निघाला. मिसर देशांत दमिएत घेतलें. पुढें मान्सुरा येथें भाऊ रोबेर पडला, सैन्यांत रोग पसरला, आणि १२५० च्या एप्रिलांत राजा स्वतः शत्रूच्या हातीं सांपडला. त्याच दिवसांत राणी दमिएतमध्यें बाळंत झाली. मुलाचें नांव ठेवलें जाँ त्रिस्तान, कारण तो दुःखांत जन्मला. सुटकेची खंडणी मोजतांना राजाच्या माणसांनीं शत्रूला दहा हजार लिव्रांनीं फसविलें. हें कळतांच लुई रागावला व ती रक्कम त्यानें पुरी भरावयास लाविली. शब्द विधर्म्याला दिला म्हणून तो हलका होतो, असें त्यास वाटत नव्हतें. सुटल्यावरही चार वर्षें तो पवित्र भूमींतच राहिला. आईच्या मरणाची बातमी त्याला तेथेंच कळली.

१२७० सालीं तो पुन्हां निघाला. ट्यूनिसजवळ छावणींत रोगाची सांथ आली. प्रथम तोच जाँ त्रिस्तान गेला. बापाला हें बरेच दिवस सांगितलें नव्हतें. २५ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पहिल्या प्रयाणाच्याच तिथीला, राखेच्या शेजेवर पडून दुपारीं तीनच्या सुमारास लुईनें प्राण सोडला. पोप आठवे बोनिफास ह्यांनीं १२९७ सालीं त्याला संत म्हणून घोषित केलें.

त्याच्या अस्थि घेऊन मुलगा फिलिप हिंवाळ्यांतून, डोंगर ओलांडून, मायदेशीं आला. १२७१ च्या मे महिन्यांत पॅरिसहून सँ-दनीपर्यंत त्यानें बापाची पेटी स्वतःच्या खांद्यावरून वाहिली, आणि त्यानंतर ऑगस्टांत तो अभिषेकासाठीं रीम्सला गेला.