जोडेघाटचे कोमराम भीम

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाणी भरलेली आगगाडी लातूरला आली, तेव्हा मी शाळेत होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते. आम्हा मुलांना गाडीचे अप्रूप होते, मोठी माणसे मात्र गप्प होती. पुढे शिक्षणासाठी नांदेडला आलो आणि एका सुटीत किनवटकडच्या गोंड मित्राच्या घरी गेलो. ओसरीवर एक तसबीर होती. मी विचारले, हे कोण? मित्र हसला. ज्या माणसाने जल, जंगल आणि जमीन यांसाठी प्राण दिले, त्याला मी ओळखले नव्हते, याची मला लाज वाटली.

कोमराम भीम हे नाव २०२२ सालच्या ‘आरआरआर’ या चित्रपटामुळे आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर आले. परंतु ती कथा काल्पनिक आहे. खरे भीम त्याहून साधे आणि म्हणूनच थोर आहेत. शिवाय ते आपल्याला परके नाहीत. निजामाच्या राज्यात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो नांदेडला जोडला गेला.

भीम यांचा जन्म १९०१ साली आसिफाबादजवळच्या संकेपल्ली येथे झाल्याचे सांगतात. डोंगरउतारावर जंगल साफ करून शेती करावी, ओढ्याचे पाणी प्यावे, असे ते जीवन होते. त्यावर निजामाच्या वनखात्याची नजर पडली. गुरे चारण्यावर कर, लाकूडफाट्यावर कर! याच संघर्षात भीम यांच्या वडिलांचा बळी गेला. कुटुंब सुरदापूरला आले. तेथेही पिकलेल्या शेतावर सिद्दिक नावाच्या जमीनदाराने हक्क सांगितला. झटापटीत तो भीम यांच्या हातून मारला गेला आणि त्यांना परागंदा व्हावे लागले.

त्यांचे पहिले आश्रयस्थान चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. तेथे एका छापखान्यात काम करता करता ते लिहावाचायला शिकले, असे सांगितले जाते. तेथून ते आसामच्या चहाच्या मळ्यांत गेले. मजुरांचे हाल तेथेही पाहिले. काही वर्षांनी परतले ते गप्प बसण्यासाठी नव्हे. जोडेघाट, बाबेझरी आदी बारा गावांतील गोंड आणि कोलाम त्यांच्याभोवती जमले.

बाबेझरी! या नावातच झरी ऐकू येते. माझ्या मते लढ्याचे मर्म येथेच आहे. राखीव जंगलाची रेघ कागदावर ओढली, की तिच्या आत डोंगर येतो, तसा ओढाही येतो. गाव उठवले, की शेताबरोबर पाणवठाही जातो. मग ज्या झऱ्यावर आजोबा पाणी प्याले, त्याच झऱ्यावर नातू चोर ठरतो. म्हणूनच जमिनीची मागणी पाण्यावाचून पुरी होत नाही.

भीम यांनी आधी हत्यार उचलले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी हैदराबादपर्यंत दाद मागण्याचा प्रयत्न केला. न्याय मिळाला नाही, तेव्हा संघर्ष अटळ झाला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे अनेक साथी धारातीर्थी पडले.

बलिदान मात्र वाया गेले नाही. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारला हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घ्यावी लागली. पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, गोंडी भाषेतून शाळा निघाल्या. स्वतंत्र भारतात १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. किनवट तालुक्यातील अनेक गावे या अनुसूचित क्षेत्रात येतात. कायदा कागदावर आला. तो गावाच्या ओढ्यापर्यंत पोहोचवणे हे मात्र अजून आपल्या पिढीचे काम आहे.

लातूरच्या त्या आगगाडीची मला आता वेगळी आठवण होते. पाणी आणून देता येते. पण पाण्यावरचा हक्क बाहेरून आणून देता येत नाही. कोणते पाणी कोणी, कशासाठी वापरायचे, हे ठरवताना त्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाला विचारले जाते का? भीम यांनी आयुष्यभर हाच प्रश्न विचारला. तो केवळ आदिवासींचा नाही, आपणा मराठवाड्यातील सर्वांचा आहे.

२०१६ सालीच तेलंगणात त्यांच्या नावाचा जिल्हा झाला. दरवर्षी आश्विन पौर्णिमेला जोडेघाटी त्यांचा स्मृतिदिन पाळतात. तीच आपली कोजागरी. यंदा चांदण्यात दुधाचा पेला हाती घ्याल, तेव्हा त्या डोंगराचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच माझी विनंती आहे.