आजचं मनन: शेजारच्या चेहऱ्यातला प्रभू

आजचा शास्त्रभाग: योहान १:९-१४.

रविवारी सकाळी लॅपटॉपवर रेम्ब्रांटचं १६५३ सालचं ‘तीन क्रूस’ हे छापचित्र बघत होतो. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेल्या रेघा, कडेला अंधार आणि क्रूसावरच्या प्रभूवर वरून कोसळणारा उजेड. लेक मांडीवर येऊन बसली आणि विचारायला लागली, की येशू आपल्यासारखा का दिसत नाही? मला पटकन उत्तर सुचेना. मग आपल्या पुण्यात राहिलेले अँजेलो द फोन्सेका आठवले.

त्यांचा जन्म १९०२ सालचा, गोव्यातला. डॉक्टर व्हायला निघालेला हा मुलगा ते शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, प्रभूला आपल्या मातीचा रंग दिला. तिथल्या डोळ्यांना सवय होती युरोपी मूर्तींची. लोक दुखावले, टीका झाली. ज्यांच्यासाठी चित्रं काढली, त्यांनीच ती नाकारली.

फोन्सेका पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली. आश्रम अँग्लिकन, हे कॅथलिक. तरी दार उघडलं. ना कडवटपणा धरला, ना ब्रश खाली ठेवला. १९६७ मध्ये देवाघरी जाईपर्यंत ते चित्रं काढत राहिले. आज त्यातली बरीच चित्रं गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपली आहेत.

गंमत म्हणजे, रेम्ब्रांटही ॲमस्टरडॅममध्ये ज्यू वस्तीत राहायचा आणि प्रभूचा चेहरा रंगवताना त्याने एका ज्यू तरुणाला समोर बसवलं असावं, असं जाणकार मानतात. म्हणजे दोघांनीही प्रभूला शेजारात शोधलं.

लेकीला मी एवढंच सांगितलं, की येशू प्रत्येकाच्या घरी त्या घरचा होऊन येतो. पण बोलून गेल्यावर मलाच टोचलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांचं नाव मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. संध्याकाळी खाली जाऊन विचारलं. दोघं चहा प्यायलो.

आज तुम्हीही असा एक चेहरा नीट बघा.

प्रभू, तू आपल्या माणसांत आलास आणि आम्ही तुला ओळखलं नाही. आमचे डोळे उघड. आमेन.